किनाऱ्यालगतचे पाणी कुणाचे?

गेल्या हिवाळ्यात आमचा मुक्काम मालवणात होता. फजरची नमाज आटोपून आम्ही दांडीच्या किनाऱ्याकडे निघालो. समोर सिंधुदुर्ग किल्ल्याचा तट धुक्यातून हळूहळू वर येत होता. वाळूवर तीस-पस्तीस माणसे दोन रांगांत उभी होती आणि दोन्ही रांगांच्या हातात दोर होते. मध्ये समुद्रात अर्धगोल पसरलेले जाळे, आणि त्याची दोन टोके किनाऱ्यावर ओढून आणण्याचे काम चालू होते. मालवणात याला रापण म्हणतात. ओढणाऱ्यांत पोरसवदा मुले होती, तशीच सत्तरी ओलांडलेली माणसेही होती. आम्हीही चपला बाजूला काढून दोराला हात लावला. कुणी नाव विचारले नाही, गाव विचारले नाही.

तास-दीड तासाने जाळे वाळूवर आले. आत दोन-तीन टोपल्या पेडवे, थोडे बांगडे, चार-दोन सौंदाळे आणि बाकी कचरा. इतक्या माणसांच्या घामाला एवढीच मासळी. तरीही वाटे पडले. दोर ओढायला आलेल्या पाहुण्यांसाठीसुद्धा एका कागदात चार बांगडे बांधून आले. आम्ही नको म्हटले, तेव्हा एक म्हातारे रापणकर हसून म्हणाले, "दोराक हात लावलास ना? मगे वाटो घेवकच व्हयो." थोड्या वेळाने तेच समुद्राकडे बघत म्हणाले, "जाळा आमचा हुता तेव्हा मासोय आमचो हुतो. आता जाळा शेटचा, मासो शेटचो. आमचे नुसते हात."

त्या बाबांचे हे वाक्य घेऊन आम्ही परतलो आणि या महिन्याचा विषय तिथेच ठरला.

शब्द परका, गोष्ट घरची

'वर्गसंघर्ष' हा शब्द आपल्या घरांत तसा परका. तो ऐकला की कारखान्याचा भोंगा, लाल बावटा आणि मोर्चे डोळ्यांसमोर येतात. कोकणातल्या घरांनी तो अनुभवला तोही मुंबईच्या मार्गाने. 18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या घरात कामगार बाहेर पडले, आणि गावाकडच्या कितीतरी चुली मनिऑर्डरची वाट पाहत थंडावल्या. तो संप कधी रीतसर मिटलाच नाही. गिरण्यांच्या जागी मॉल आणि मनोरे उभे राहिले.

हा विषय धर्मनिष्ठ माणसाचा नव्हे, असेही अनेकांना वाटते. पण 'इन्किलाब जिंदाबाद' ही घोषणा देशाला दिली ती मौलाना हसरत मोहानी यांनी. अनेकदा हजला जाऊन आलेले हेच मौलाना डिसेंबर 1925 मध्ये कानपूरला भरलेल्या पहिल्या कम्युनिस्ट परिषदेचे स्वागताध्यक्ष होते. त्याही आधी साडेपाचशे वर्षे, इब्न खल्दून यांनी आपल्या 'मुकद्दिमा' या ग्रंथात माणसाच्या कमाईचे मोल त्याच्या श्रमातून येते, हे समजावून सांगितले होते. तेव्हा कष्ट कुणाचे आणि फळ कुणाला, हा प्रश्न आपल्या परंपरेला नवा नाही. आपल्या किनाऱ्यावर तो आज कोणत्या रूपात उभा आहे, एवढेच पाहायचे आहे.

वाट्याची रीत

रापण कशी चालते ते आधी समजून घेऊ. पावसाळा सरला, नारळी पौर्णिमा झाली की समुद्र शांत होऊ लागतो आणि मासळीचे थवे किनाऱ्याजवळ येतात. अनुभवी माणूस पाण्याच्या रंगावरून, पक्ष्यांच्या घिरट्यांवरून थवा ओळखतो. मग होडीतून जाळे सोडत सोडत थव्याला वळसा घातला जातो आणि किनाऱ्यावरची माणसे दोन्ही बाजूंनी दोर ओढतात. हे जाळे एका माणसाचे नसते. रापण संघातल्या घरांनी आपापले जाळ्याचे तुकडे आणायचे, ते एकमेकांना जोडायचे, आणि त्यातून एक मोठे जाळे उभे राहायचे. पूर्वी हे जाळे सुताचे, सणाचे असे. पुढे नायलॉन आले, पण जोडण्याची रीत तीच राहिली.

मासळीचे पैसे आले की होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा आणि माणसाचा वाटा असे भाग पडतात. गावागणिक हिशेब थोडा वेगळा असेल, पण तत्त्व एकच आहे. जाळे ज्यांचे तेच ते ओढतात, आणि जे ओढतात त्यांना मजुरी नव्हे, वाटा मिळतो. मासळी भरपूर आली तर सगळ्यांच्या घरी दिवाळी-ईद, नाही आली तर सगळेच कोरडे. नुकसान एकट्या मजुराच्या माथी आणि नफा एकट्या मालकाच्या खिशात, असे तिथे होत नाही.

आपल्या फिक्हमध्ये मुशारका आणि मुदारबा असे भागीदारीचे दोन प्रकार सांगितले आहेत. मुशारकामध्ये सगळे भागीदार भांडवल घालतात आणि नफ्यातोट्याला सगळे बांधील असतात. मुदारबामध्ये एकाचे भांडवल, दुसऱ्याचे कष्ट, नफा ठरल्याप्रमाणे वाटून घ्यायचा. आणि तोटा आला तर पैशाचा तोटा भांडवलवाल्याने सोसायचा, कष्टकऱ्याचे कष्ट वाया गेले हेच त्याचे नुकसान. मालवणच्या रापणकराने ही पुस्तके वाचलेली नाहीत. पण त्याच्या बापजाद्यांची वाट्याची रीत या तत्त्वाच्या किती जवळ आहे, हे पाहून आम्हाला नवल वाटले.

जाळे मोठे झाले, मालक एक झाला

यंत्राच्या मच्छीमारीची सुरुवात आपल्या देशात चांगल्या हेतूने झाली. 1950 च्या दशकात नॉर्वेच्या मदतीने केरळात प्रकल्प सुरू झाला. गरीब मच्छीमाराची मासळी वाढावी, त्याचे घर सुधारावे, हा उद्देश. पण कोळंबीला परदेशात भाव आला आणि ट्रॉलरमध्ये पैसा शिरला तो मच्छीमारांपेक्षा व्यापाऱ्यांचा अधिक. ट्रॉलरचे जाळे समुद्राचा तळ खरवडत जाते. त्यानंतर आले पर्ससीन. हे जाळे थव्याभोवती भिंतीसारखे उभे करतात आणि बटव्याची नाडी ओढावी तसा खालचा दोर आवळतात. सगळा थवा आत. रापणीला जे तीस माणसांनी तासभर राबून मिळत नाही, त्याच्या कित्येक पट मासळी यात एका फेऱ्यात येते. पुढे त्यात एलईडी दिव्यांची भर पडली. जनरेटर लावून रात्री समुद्रात झगझगीत उजेड पाडायचा, मासळी उजेडाकडे खेचली जाते, मग जाळे टाकायचे.

यंत्राला आमचा विरोध नाही. इंजिनाने मच्छीमाराच्या खांद्यावरचा भार हलका केला, वादळात त्याला लवकर किनारा गाठून दिला. प्रश्न वेगळा आहे. मासळीला कुंपण नसते. रापणवाला थव्याच्या मागे जाऊ शकत नाही, थवा किनाऱ्याजवळ येण्याची वाट पाहणे एवढेच त्याच्या हाती असते. तो थवा वाटेतच आवळला गेला तर किनाऱ्यावरचे तीस दोर रिकामेच येणार. म्हणजे एकाने काही हिसकावून घेतले असे दिसतही नाही, भांडण नाही, चोरी नाही, तरीही दुसऱ्याच्या ताटातले गेलेले असते. भांडवलाची ताकद बहुतेक वेळा अशीच चालते. ज्याच्याकडे पैसा तो आधी पोहोचतो, आणि जो आधी पोहोचतो त्याचे सगळे.

यात दुसराही बदल झाला, तो आम्हाला अधिक महत्त्वाचा वाटतो. मोठ्या नौकेला लाखो रुपये लागतात. ते तीस घरांच्या तुकड्यांतून जमत नाहीत. ते एका मालकाकडून, त्याला उचल देणाऱ्या व्यापाऱ्याकडून येतात. मग नौकेवर काम करणारा वाटेकरी राहत नाही, खलाशी होतो. आज कोकणातल्या बंदरांत नेपाळहून आलेले हजारो खलाशी आहेत. डोंगरातून आलेली ही मुले समुद्रावर राबतात आणि पैसे घरी पाठवतात. कुवेत-दुबईला आपली मुले जसे दिवस काढतात, तसेच. मालकही सुखात असतो असे नाही. डिझेल, बर्फ, कर्जाचे हप्ते, व्यापाऱ्याची उचल. मासळी दुसऱ्याला द्यायची मुभा नाही, भाव व्यापारी सांगेल तो. त्यामुळे तो अधिकाधिक मासळी ओढत सुटतो, अगदी पिल्लेसुद्धा. माणसाला जी खाता येत नाही ती मासळी कुटी करणाऱ्या फिशमीलच्या कारखान्यांत जाते आणि कोंबड्यांचे, कोळंबीचे खाद्य होते. उद्या वाढून किनाऱ्यावर येणारा बांगडा आज पिल्लू असतानाच पोत्यात भरला जातो.

रापणीतही लहान मासा येतो, हे खरे. पण रापण किनाऱ्याच्या एका तुकड्यापलीकडे जात नाही. तिची हाव तिच्या दोराइतकीच.

कायदा आहे, मग?

या अन्यायाविरुद्ध पहिला मोठा आवाज उठला तो आपल्या शेजारी, गोव्यात. 1970 च्या दशकात ट्रॉलर आणि पर्ससीन किनाऱ्याशी येऊ लागले तेव्हा तिथले रापणकर माथानी साल्ढाणा यांच्या पुढाकाराने संघटित झाले. 1978 मध्ये देशभरातल्या छोट्या मच्छीमारांचा राष्ट्रीय मंच उभा राहिला. त्या रेट्यामुळे 1980 मध्ये गोवा आणि केरळ यांनी, आणि 1981 मध्ये महाराष्ट्राने सागरी मासेमारी नियमनाचे कायदे केले. याच 1981 च्या 1 मे रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला. म्हणजे आपला जिल्हा आणि हा कायदा एकाच वयाचे आहेत.

या कायद्याचे मर्म साधे आहे. किनाऱ्यालगतचे पाणी छोट्या मच्छीमारासाठी राखायचे, मोठ्याने दूर जायचे. पुढे डॉ. सोमवंशी समितीच्या शिफारशींवरून राज्य सरकारने 5 फेब्रुवारी 2016 रोजी पर्ससीनवर निर्बंध घातले. नवे परवाने बंद, असलेले टप्प्याटप्प्याने 182 पर्यंत खाली आणायचे, आणि हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर. 10 नोव्हेंबर 2017 रोजी केंद्राने एलईडीच्या मासेमारीवर बंदी आणली. 2021 मध्ये राज्याच्या कायद्यात दुरुस्ती होऊन दंडाची रक्कम लाखांत गेली. पावसाळ्यात 1 जून ते 31 जुलै मासळीच्या विणीसाठी यांत्रिक मासेमारी बंद असते.

मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या मच्छीमारांनी हे मिळवण्यासाठी मोर्चे काढले, उपोषणे केली, कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. तरीही रात्री क्षितिजावर दिव्यांची रांग दिसतेच. मलपीकडचे हायस्पीड ट्रॉलर येतातच. राज्याची हद्द 12 सागरी मैलांपर्यंत, पुढे केंद्राची. अंधारात कोण कुठे होते हे सिद्ध कोण करणार? सव्वाशे किलोमीटरच्या आसपासच्या किनाऱ्यावर गस्तीच्या नौका मोजक्या. कधी मच्छीमार स्वतःच समुद्रात जाऊन परक्या नौका अडवतात, मग मारामारी होते आणि गुन्हा नोंदला जातो तो बहुधा अडवणाऱ्यावर. गरिबाच्या बाजूने कायदा होणे ही अर्धीच लढाई असते, हे मालवणच्या किनाऱ्यावर कळते.

पर्यटनाचीही हीच कथा, थोडक्यात सांगतो. 1997 मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला. तारकर्ली, देवबाग, दांडी इथे स्कुबा आणि जलक्रीडा आल्या, रिकाम्या हातांना काम मिळाले. हे चांगलेच झाले. पण तिथेही प्रश्न तोच: नौका कुणाची, जमीन कुणाची? ज्या घराने किनाऱ्यावरची वाडी विकली नाही आणि स्वतःची न्याहारी-निवास योजना चालवली, ते घर उभे राहिले. ज्याने विकली, त्याचा मुलगा त्याच जागेवरच्या हॉटेलात ट्रे उचलतो.

भांडण धर्माचे नव्हे

इथे आपल्या वाचकांसाठी एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. मालवणचे रापणकर बहुतांशी गाबीत समाजाचे, काही ख्रिस्ती, काही मुस्लिम. रत्नागिरीकडच्या बंदरांत पर्ससीनचे मालक असलेले आपले मुस्लिम बांधव आहेत, तसेच हिंदू मालकही आहेत. आणि तिथेच दालदी समाजातली अशी अनेक घरे आहेत ज्यांची छोटी होडी, छोटे जाळे याच पर्ससीनपुढे निरुपयोगी झाले. म्हणजे रेषा मशीद आणि देवळाच्या मधून जात नाही. ती प्रत्येक मोहल्ल्याच्या, प्रत्येक वाडीच्या आतून जाते.

समुद्रातले भांडण किनाऱ्यावर येता येता त्याला 'त्यांचे' आणि 'आमचे' असा रंग चढवणारे लोक असतात. नौका अडवली गेली की तिच्या मालकाचे नाव मोबाइलवर फिरते, जाळे कोणते होते हे कुणी विचारत नाही. अशा वेळी आपल्यातलेही काही जण केवळ नावावरून मालकाची बाजू घेतात. आम्ही नम्रपणे सांगू इच्छितो, की हे चुकीचे आहे. न्यायाच्या बाबतीत आपल्या आप्तांविरुद्ध, स्वतःविरुद्धसुद्धा साक्ष देण्याची तयारी ठेवा, ही कुरआनची शिकवण आहे. मग नुसत्या नावासाठी डोळे झाकणे आपल्याला कसे शोभेल?

'मासा मुबाह आहे ना?'

या विषयावर एका परिचित मालकांशी बोलणे झाले. माणूस नमाजी, जकात चोख देणारा. ते म्हणाले, "समुद्रातला मासा मुबाह आहे. ज्याने पकडला त्याचा. मी कुणाच्या टोपलीतून घेतला नाही. मग माझी कमाई हलाल नाही का?"

प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याला टाळून चालणार नाही. समुद्राची शिकार अल्लाहने हलाल केली आहे, यात वाद नाही. पण मुबाह म्हणजे सर्वांसाठी खुले. एकाने इतरांसाठी बंद करावे असे नव्हे. पाणी, चारा आणि विस्तव यांत सर्वांचा साझा आहे असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी शिकवले. स्वतःला वा दुसऱ्याला नुकसान पोहोचवू नये, हे फिक्हचे मोठे सूत्रही त्यांच्याच शिकवणुकीतून आले आहे. आणि संपत्ती फक्त धनवानांच्याच हातात फिरत राहू नये, हा हेतू तर कुरआनात स्पष्ट सांगितला आहे.

याहून स्पष्ट उदाहरण हजरत उमर (रजि.) यांच्या खिलाफतीतले आहे. सदक्याच्या आणि मोहिमेच्या जनावरांसाठी एक कुरण राखीव होते. अशा राखीव जागेला 'हिमा' म्हणत. तिच्या राखणीवर त्यांनी हुनय्य नावाच्या आपल्या मुक्त गुलामाची नेमणूक केली आणि त्याला बजावून सांगितले, की लोकांशी नरमाईने वाग, पिडलेल्याच्या हाय पासून स्वतःला जप. ज्याची दोन-चार उंटे, थोडी शेळ्या-मेंढ्या आहेत त्याला आत येऊ दे. पण इब्न औफ आणि इब्न अफ्फान यांचे कळप येतील तेव्हा सावध राहा.

हे दोघे कोण होते? हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) आणि हजरत उस्मान (रजि.). दोघेही थोर सहाबी, दोघांनाही जन्नतची खूशखबर मिळालेली, दोघांचीही संपत्ती हलाल. तरीही त्यांचे कळप मागे का? हजरत उमर (रजि.) यांनी कारणही सांगितले. त्यांची जनावरे मेली तरी ते आपल्या खजुराच्या बागांकडे, शेतीकडे परत जातील. पण गरिबाची चार जनावरे मेली तर तो मुलाबाळांना घेऊन माझ्या दाराशी येईल. मग त्याला मी टाकून देऊ काय? त्याला सोने-चांदी देण्यापेक्षा पाणी आणि चारा देणे मला सोपे आहे.

आमच्या मालक मित्राच्या प्रश्नाचे उत्तर यात आहे असे आम्हाला वाटते. श्रीमंताचा पैसा हरामाचा आहे म्हणून त्याला थांबवायचे नाही. त्याला दुसरा आसरा आहे म्हणून थांबवायचे. जे सर्वांचे आहे त्यावर पहिला हक्क त्याचा, ज्याच्याकडे दुसरे काहीच नाही. किनाऱ्यालगतचे पाणी ही आपली हिमा आहे. 1981 च्या कायद्याने नेमके हेच तत्त्व लिहिले. तेव्हा हा कायदा मोडून रात्री दिवे लावणारा नुसता सरकारचा दंड चुकवत नाही. ज्याला आत येऊ दे म्हणून खलिफांनी बजावले होते, त्या गरिबालाच तो कुरणाबाहेर हाकलतो.

त्या उदाहरणात आणखी एक बारकाई आहे. हजरत उमर (रजि.) म्हणतात, नंतर सोने-चांदी देण्यापेक्षा आधी चारा देणे बरे. म्हणजे गरिबाला आधी गरीब होऊ द्यायचे आणि मग खैरात वाटायची, हा मार्ग त्यांना मान्य नव्हता. ज्या रापणकराचा वाटा गेला त्याच्या घरी रमजानमध्ये रेशनचे किट पोहोचवणे पुण्याचेच आहे. पण त्याचा वाटा त्याला राहू देणे हे त्याआधी येते. जकात ही गरिबाचा हक्क आहे. त्याचा दुसरा हक्क गिळून त्याची भरपाई म्हणून ती देता येत नाही.

समुद्रकाठच्या वस्तीची गोष्ट

कुरआनात सूरह आराफमध्ये समुद्रकाठच्या एका वस्तीची गोष्ट येते. शब्बाथच्या दिवशी त्यांना मासेमारीला मनाई होती, आणि त्यांची परीक्षा अशी की नेमक्या त्याच दिवशी मासे पाण्यावर उसळून येत. मग काहींनी हिकमत केली. मुफस्सिर सांगतात, की आदल्या दिवशी जाळी लावून ठेवायची आणि मासे दुसऱ्या दिवशी काढायचे. म्हणजे नियमही पाळला आणि मासेही मिळाले. त्या वस्तीत तीन प्रकारचे लोक होते. एक नियमाला बगल देणारे. दुसरे त्यांना समजावणारे. तिसरे असे, की समजावणाऱ्यांनाच म्हणत, तुम्ही कशाला बोलता, काही उपयोग आहे का? शेवटी वाचले म्हणून ज्यांचा उल्लेख आहे, ते वाईटापासून रोखणारे लोक होते.

विणीच्या 61 दिवसांत चोरून नौका सोडणारे, परवाना एका जाळ्याचा आणि वापर दुसऱ्याचा करणारे, 12 मैलांच्या रेषेशी लपंडाव खेळणारे यांना ही गोष्ट ठाऊक आहे. पण आम्हाला काळजी त्या तिसऱ्या गटाची वाटते, कारण आपण बहुतेक जण त्यात मोडतो.

आपल्या घरापासून

हे सारे वाचून एखादी भगिनी म्हणेल, आम्ही समुद्रात जात नाही, आमच्या नौका नाहीत, आम्ही काय करावे? काही गोष्टी आपल्या हातात आहेत.

आखातातून आलेली बचत कुणाच्या तरी नौकेत गुंतवण्याची रीत आपल्या किनाऱ्यावर आहे. पैसे देण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात: परवाना कोणत्या जाळ्याचा आहे, दिवे लावतात का, आणि खलाशाला काय मिळते. 'इतके टक्के महिन्याला घ्या, बाकी विचारू नका' असे उत्तर आले तर ती भागीदारी नव्हे, हे समजून घ्यावे.

घरात नौका असेल तर खलाशाची मजुरी ठरवून, लिहून, वेळेवर द्यावी. मजुराचा घाम वाळण्याआधी त्याचा मोबदला देण्याची ताकीद आपल्याला आहे. लाइफ जॅकेट, औषधपेटी यांत काटकसर करू नये. पंतप्रधान मत्स्य संपदा योजनेत मच्छीमाराच्या अपघाती मृत्यूसाठी 5 लाख रुपयांचे विमा संरक्षण आहे. आपल्या माणसांची नावे त्यात आहेत का ते पाहावे. नेपाळहून आलेल्या मुलाचेही घर असते, याची आठवण आखातात मुलगा असलेल्या आईला वेगळी करून द्यायला नको.

बाजारात बोटाएवढी सुरमईची, सरंग्याची पिल्ले स्वस्तात मिळतात. ती घेऊ नयेत. विकत घेणारा नसेल तर पकडणारा थोडा तरी थांबेल. पाटी घेऊन बसलेल्या मासेवालीशी दहा रुपयांसाठी घासाघीस करणारे आपण मॉलमध्ये किंमत छापलेली पिशवी मुकाट्याने उचलतो, याचाही विचार व्हावा.

आणि मोहल्ल्यात, जमातीत, लग्नकार्यात हा विषय निघाला तर 'ते' आणि 'आपण' असे न बोलता जाळे कुणाचे आणि दोर कुणाचा असे बोलावे. आपल्या गावचा रापण संघ निवेदन घेऊन कचेरीत जाईल तेव्हा त्यावर आपल्याही सह्या असाव्यात, मग तो संघ कुठल्याही समाजाचा असो.

त्या सकाळी कागदात बांधून मिळालेले चार बांगडे आम्ही मुक्कामाच्या घरी आणले. घरच्या अम्मीने तिरफळ घालून तिखले केले. जेवताना आम्ही हिशेब करत होतो, की आम्ही दोर ओढला असेल पंधरा-वीस मिनिटे, तीही हौसेने. तरी त्यांनी आमचा वाटा ठेवला, कारण त्यांच्या रीतीत दोराला हात लावणाऱ्याला रिकामे पाठवता येत नाही. ज्यांच्या जाळ्यात स्वतःपुरतेही आले नव्हते, त्यांनी ही रीत मोडली नाही.

अल्लाह आपल्याला हलाल रिज्क देवो, त्यात बरकत देवो, आणि दुसऱ्याचा वाटा ओळखण्याची समज देवो. आमीन.